फेटा बांधून आलेला

एका वर्षी आमच्या घरी दुसऱ्याच कुणाचा तरी गणपती बसला होता, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. लोकांचे अनुभव मी आवडीने वाचतो. कुणाला घाटात देव भेटतो, कुणाला दवाखान्यात. मला भेटला तेव्हा मी वडा खात होतो, आणि संकट माझं मीच आणलेलं होतं. म्हणून लिहायला इतकी वर्षं गेली.

आम्ही रोह्याचे. गणपती मात्र पेणचा, तोही अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, ठरलेल्या कारखान्यातला. आमचा फणसाच्या लाकडाचा पाट पावसाळ्याआधीच तिकडे जायचा आणि हरतालिकेच्या दिवशी त्याच पाटावर बसून देव यायचा. त्या पाटाचा एक कोपरा उंदराने कुरतडलेला होता. आजोबांच्या वेळेपासून तो तसाच, अण्णा म्हणायचे, "वाहनाने सही केलीय." मूर्ती अगदी साधी, पिवळं पितांबर, बाकी काही नाही. मुकुटाला चार खडे जास्त दिसले तरी अण्णा कुरकुरायचे, "देव हाय का बँडवाला?" आणि एक नियम होता: कारखान्यातून उचललेला देव घरच्या चौरंगापर्यंत कुठेही टेकवायचा नाही.

त्या वर्षी अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पार पिकला होता. डॉक्टर म्हणाले, आता उशीर केलात तर डोळे जातील. अण्णा ऐकेनात. समोरच्या माणसाला आवाजावरून ओळखायचे, ताटातली भाजी वासावरून, पण ऑपरेशनचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. शेवटी सगळ्यांसमोर म्हणाले, "यंदा गणपती तू आण. वाटेत न टेकता नीट घरी आला, तर त्याचा हुकूम समजून येतो तुझ्या डॉक्टरकडे. नायतर माझं नाव काढू नको." वडिलांचे डोळे असे माझ्या मांडीवर येऊन बसले. खरं सांगतो, मला तेव्हा देवाचा राग आला होता. एवढा मोठा निर्णय, आणि तो माझ्यासारख्या धांदरटावर सोपवायचा?

शेजारच्या अष्टमी गावच्या हसनभाईंचा टेम्पो ठरवला. दुबईत बरीच वर्षं काढून आलेला माणूस, बोलायला मोकळा. येताना मूर्ती लाल कपड्यात पाटासकट गुंडाळून माझ्या मांडीवर. नागोठणं मागे पडेपर्यंत मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. पण सुमनचा, माझ्या बायकोचा, हरतालिकेचा उपास. घरात चूल थंड म्हणून सकाळी मी नुसत्या चहावर निघालो होतो. खांब गावापाशी हायवेच्या कडेला कढईत वडे पडताना दिसले आणि मी म्हणालो, "हसनभाई, जरा थांबवा."

"भाऊ, अण्णांनी सांगितलंय ना?"

"अण्णांनी टेकवू नको सांगितलंय. थांबू नको नाय सांगितलं."

हसनभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, वकिली शिकलो असतो तर बरं झालं असतं. गणपती मांडीवर घेऊन मी बाकावर बसलो. वडा आला तो फुफाट्यातून काढल्यासारखा गरम, सोबत ओली चटणी. एका हाताने देव, एका हाताने वडा, आणि चटणीचा ओघळ निघाला थेट लाल कपड्याकडे. देवाला चटणी लागू नये म्हणून, हो, देवाच्याच भल्यासाठी, मी त्याला क्षणभर बाजूला ठेवलं. बाकावर आधीच तसाच पाटासकट लाल कपड्यात गुंडाळलेला एक गणपती होता. माणगावकडे निघालेल्या जीपवाल्यांचा. तेवढ्यात एक सर आली. पळापळ झाली. जीपवाल्यांनी आपला उचलला, निघून गेले. राहिला तो मी उचलला.

दारात सुमनने दूध-पाणी ओवाळलं. अण्णा काठी टेकत पुढे आले. "वाटेत टेकवला नाय ना?"

मी नुसताच लाल कपडा सारखा करू लागलो. हसनभाई पुढे झाले. "अण्णा, भाऊंची मांडी पार बधिर झालीय. विचारताय काय!"

"म्हणजे नाय ना?"

"नाय, अण्णा," हसनभाईच म्हणाले.

बाहेर टेम्पोपाशी हसनभाई मला म्हणाले, "भाऊ, तुमच्या देवापायी आज खोटं बोललो. आता आमच्यावाल्याला काय सांगू?"

मला हसूही येईना. आणि खरी शिक्षा तर पुढेच होती. दुसऱ्या दिवशी कपडा सोडला, तर आत गुलाबी फेटा! खऱ्या कापडाचा, वर तुरा, कपाळावर चमचमणारे खडे, हातात मोरपीस. सुमन माझ्या कानाशी लागली, "अहो, आपण साधा सांगितला होता ना?" मी म्हणालो, "कारखानदाराची हौस." अण्णांनी दूर्वा वाहायला हात पुढे केला. बोटं तुऱ्याला लागली आणि थबकली.

"फेटा?"

"व्हय, अण्णा."

बोटं हळूहळू खाली उतरली, पितांबरावरून पाटापर्यंत. पाटाच्या कोपऱ्यापाशी जरा थांबली. आता सगळं संपलं म्हणून मी डोळे मिटले. अण्णा म्हणाले, "बरं. लग्नाला निघालाय वाटतं. आरती घ्या."

गौरी येईपर्यंत आळीभर सांगत सुटले, "आमचा यंदा फेटा बांधून आलाय. मला ऑपरेशनला न्यायला." मी प्रत्येक आरतीला घामाघूम. तिकडे माणगावला कुणाची तरी पोरं आमच्या साध्या देवापुढे भोकाड पसरत असतील, "आमचा फेटा कुठाय?", असं मनात यायचं आणि टाळ्यांचा ठेका चुकायचा. विसर्जनानंतर कुंडलिका नदीची वाळू पाटावर घेऊन घरी आलो, आणि अण्णा खरोखरच स्वतःहून पिशवी भरून बसले. ऑपरेशन नीट झालं.

पट्टी सुटून घरी आल्यावर त्यांनी आधी पाट मागितला. उलटा-सुलटा करून पाहिला. सागाचा होता. चारही कोपरे धड.

"अण्णा..." मी सुरुवात केली.

"गप," ते म्हणाले. "मला त्याच दिवशी कळलं. दारात आलेल्या पाहुण्याला कुणी विचारतं काय, तू कुणाकडं निघाला होतास? पाट धुऊन ठेव. कुणाचा तरी हाय."

मग ते खूप वर्षं स्वच्छ बघत जगले आणि पुन्हा कधी तो विषय त्यांनी काढला नाही. देवाने काय केलं, काय नाही, यावर मी वाद घालणार नाही. एवढंच कळलं, की मी जपून नेत होतो तेव्हा माझ्या हातून चूक झाली, आणि अण्णांनी हट्ट सोडून दिला तेव्हा देव घरात आला. त्याच्यावर सोपवायचं, तर तो कुठल्या वेशात येईल हेही त्याच्यावरच सोपवावं लागतं.

खांबला दर हरतालिकेला थांबतो, त्या वडेवाल्याला विचारतो. पाट शोधत अजून कुणी आलेलं नाही. माणगावकडच्या एका घराचा सागाचा पाट माझ्याकडे आहे, तो द्यायचा आहे. आणि हसनभाईंचं एक खोटं माझ्या नावावर आहे. तेही अजून फिटलेलं नाही.