जनीकाकीची न्हाणी

साल १९८१. मी तेव्हा चाळिशीचा. सानपाड्याच्या गावठाणात जुन्या लाद्या उखडायच्या आणि नव्या बसवायच्या, हा माझा धंदा. शाळा चौथीतच सुटली, पण माझ्या कामावर कोणी बोट ठेवलेलं नाही.

शेजारची जनीकाकी अंगण झाडता झाडता सगळ्या आळीला शिव्या घालायची. कावळा, सून, सरकार, कोणी सुटायचं नाही. एखाद्या सकाळी गप्प असली तर आम्हीच विचारायचो, "काकी, बरी हायेस ना?"

"मेल्या, माज्या मरनाची वाट बगतंस?" म्हणायची आणि हातावर गरम भाकरी ठेवायची.

जमिनी सरकारने घेतल्या, पैसा आला, आणि तिच्या मुलाला, रामाला, घरात मोझॅक पाहिजे झाली. विटेच्या जुन्या लाद्या काढायला मला बोलावलं. पडवी झाली, माजघर झालं. न्हाणीपाशी पोचलो तर काकी मधोमध फतकल मारून बसलेली.

"हितं पहार लावाची नाय."

का, ते मला ठाऊक होतं. बाळामागून पडणारी वार आमच्याकडे न्हाणीत पुरत. काकीची तिन्ही बाळंतपणं त्याच घरात झाली. रामाच्या आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली. त्यांचं या जगात तेवढंच उरलं होतं.

रामा म्हणाला, "हिचं डोकं फिरलंय. तू काढ रे."

"तुझी आई आहे, तूच काढ," म्हणालो आणि पहार खाली टाकली.

वाटलं, लाजेल. कसला लाजतो! काकीला दंडाला धरून बाजूला केलं आणि पहार घातली. कडेची एक लादी सैल केली की बाकीच्या अख्ख्या निघतात. त्याने सगळ्यांचा चुरा केला.

"तुजी पन वार हितंच हाय रं!" काकी ओरडली. "सोतालाच खनतंस, मेल्या!"

त्याने माती घमेल्यात ओढली. रस्त्याच्या भरावात टाकायला निघाला, तेव्हा काकीने घमेलं हिसकावून घेतलं.

"आता यांना न्यावं कुठं? शेत गेलं, मिठागर गेलं. पुरायला टीचभर जागा नाय ठेवली."

हे लिहिताना आजही माझ्या मुठी वळतात. रामाशी मी पुन्हा बोललो नाही. त्याच्या मयताला गेलो नाही. गावाने नावं ठेवली. ठेवू देत!

त्या संध्याकाळी काकी घमेलं मांडीवर घेऊन ओट्यावर बसली. जेवली नाही. सुनेने हात लावला तर तिच्यावर धावून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या घरच्या न्हाणीतल्या लाद्या काढल्या, हातभर खड्डा केला आणि काकीला घेऊन आलो.