चांगूच्या टोपलीचे वाटेकरी

चांगू हिलमला धंद्याला लावलं ते भागीदारीने. भागीदारी म्हणजे महाडच्या एमआयडीसीतली एक कंपनी, पुण्याची एक संस्था आणि एक सरकारी कचेरी. तिघांनी मिळून आदिवासींना रोजगार द्यायचा होता. तिघे मिळून म्हटल्यावर फीत कोणी कापायची हे ठरायलाच वर्ष गेलं.

पोलादपुरातून आंबेनळी घाटाकडे वळलं की माझं पंक्चरचं दुकान लागतं. त्याच्या मागे, ओढ्यापलीकडे कातकऱ्यांची वाडी. दरवर्षी भाऊबीज झाली की हैबती मुकादमाची लॉरी येते आणि पोरंबाळं, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन अख्खी वाडी कोळशाच्या भट्टीवर जाते. मागे कुत्रंसुद्धा उरत नाही. चांगूची सेजल यंदा दहावीला. तिचं प्रत्येक वर्ष आजवर दिवाळीलाच संपायचं. तरी पोरीने दहावी गाठली, ते तिच्याच अकलेवर. पण दहावीचं वर्ष असं अर्ध्यात सोडून चालणार नव्हतं.

महाडला हॉलमध्ये प्रशिक्षण झालं. संस्थेच्या सारिका मॅडम शिकवायला. वयाने लहान, मनाने चांगली, पण बोलायला लागली की अर्धं इंग्रजी. तिने विचारलं, "चांगूभाऊ, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

चांगू म्हणाला, "पाच वर्साचं नाय म्हायती. दिवाळीनंतर भट्टीवर नसलो तं बास. पोरीची दहावी हाय."

मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'शाश्वत उपजीविका'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आषाढात माझ्या शेजारी पत्र्याची शेड उभी राहिली. तिच्यावर शेडपेक्षा मोठा बोर्ड लागला आणि त्यावर तिघांचे फोटो, चांगूचा सोडून. चांगू भल्या सकाळी ओढ्यात दगड उलथून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायचा, त्याची बायको रंगूबाई रस्सा करायची, सोबत तांदळाची भाकरी. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या थांबायला लागल्या. रंगूबाईच्या रश्श्याचा वास आला की माझ्या हातातलं चाक सुटायचं, खोटं कशाला बोलू.

पण कातकऱ्यांत एक रीत आहे. टोपली डोक्यावरून उतरताना जो समोर असेल त्याला वाटा. पाहुणा असो, वैरी असो, विचारायचं नाही. वाटा चुकवला तर ओढा रुसतो म्हणतात. चांगू टोपली शेडसमोर उतरवायचा, म्हणून रोज सकाळी मलाही दोन चिंबोऱ्या मिळायच्या. वाडीचं कुत्रंही वेळेवर येऊन बसायचं.

एका बुधवारी सारिका मॅडम आढाव्याला आली. समोर उभी होती, तिला वाटा मिळाला. ती बिचारी नको नको म्हणत होती, ड्रायव्हरने पिशवी पुढे केली. शुक्रवारी कंपनीचे साहेब आले. रविवारी कचेरीचे साहेब आले, सुट्टी असून आले. एवढी कर्तव्यनिष्ठा मी या तालुक्यात आधी पाहिली नव्हती. पुढे मेहुणे यायला लागले, तेही आढाव्यालाच. बुधवार, शुक्रवार, रविवार सोडून एकही आढावा कधी झाला नाही. साहेब लोक पिशव्या भरून निघाले की टोपलीत पिल्लं उरायची, आणि गिऱ्हाइकाला रंगूबाई नुसता रस्सा वाढायची. कंपनीचे साहेब मला म्हणाले, "मागणी जबरदस्त आहे." मी म्हटलं, "दिसतेच आहे."

मग श्रावण लागला. भागीदारीने महिनाभर उपास धरला, एकही गाडी फिरकली नाही. आता शेड बंद पडणार असं मला वाटलं. झालं उलटंच. महाडची आमची टेंपोवाली मंडळी, अझीम आणि त्याचे ड्रायव्हर, त्यांना श्रावण कुठला? रोज दुपारी शेड भरलेली. चांगूने सेजलला नवं दप्तर घेतलं. ती ते पाठीला लावून माझ्या दुकानासमोरून मुद्दाम दोनदा गेली.

गणपती उठले आणि साहेब लोक महिन्याची भूक घेऊन परतले. पितृपक्ष लागायच्या आत टोपली पुन्हा रिकामी. त्यातच हैबती मुकादम येऊन शेडमध्ये बसला. "काय रं चांगू, भाऊबिजेला लॉरी लावतोय. दोघा-तिघांची जागा ठेवू ना?"

कोपऱ्यात सेजल अभ्यास करत होती, तिने पुस्तकातून मान वर काढली नाही आणि पानही उलटलं नाही.

हैबती गेल्यावर रंगूबाई नवऱ्यावर उखडली. "त्यास्नी वाटा द्यायचा बंद कर."

"समोर उभ्याला नाय कसं म्हनू गो? ओढा रुसंल."

"नको म्हनू. पन टोपली हितंच उतरवाया कोनी सांगितलंय? तिकडं ओढ्यावरच उतरव. जो हुबा असंल त्याला दे वाटा."

चांगू तिच्याकडे बघतच राहिला. मग हसला. मीही हसलो, माझ्या दोन चिंबोऱ्या जाणार हे ध्यानात येईपर्यंत.

पुढच्या बुधवारी गाडी आली तेव्हा चिंबोऱ्या चुलीवर होत्या. रंगूबाई पदर सावरून म्हणाली, "वाटं ओढ्यावर झालं, साहेब. आता हितं ताट मिळंल, पैशानं. वाटा पायजे तं उजाडता ओढ्यावर या."

ओढ्याची वाट करवंदीच्या जाळीतून सरळ खाली जाते. कंपनीचे साहेब हट्टी, ते शुक्रवारी खरंच आले. खाली पोचले ते बसूनच, आणि बसले ते पाण्यात. चांगूने त्यांना हाताला धरून उठवलं आणि रीतीप्रमाणे वाटा दिला. त्यातल्या एका चिंबोरीने साहेबांचं बोट धरलं.

त्यानंतर आढावे थांबले. हमरस्त्यावरची शेड, पण भागीदारीच्या हिशेबी ती जागा दुर्गम ठरली. एक दिवस माणसं येऊन बोर्ड काढून घेऊन गेली. शेड एकदम उंच दिसायला लागली.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी लॉरी आली. वाडीतली बाकीची घरं चढली, चांगूचा भाऊ मोरूही, त्याच्या लहान पोरींसह. हैबतीने शेडसमोर हॉर्न वाजवला. चांगूने हात हलवून नाही म्हटलं आणि लॉरी वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभा राहिला. त्या दिवशी त्याने शेड उघडली नाही.

परवा, सोमवारी, सारिका मॅडम आली. स्वतःच्या स्कूटरवर, एकटी. महाडला भागीदारीचा सांगता समारंभ झाला होता, ते सांगायला आली होती. सांगताना तिची मान खाली होती. लॉरीतून गेलेल्या सगळ्या घरांना ऊर्जा क्षेत्रात रोजगार मिळाल्याचं जाहीर झालं होतं. कोळसा म्हणजे ऊर्जाच की. वाडीतला एकच लाभार्थी अयशस्वी ठरला, चांगू हिलम.

"मी बोलले त्यांना," ती म्हणाली, "पण माझं कोणी ऐकलं नाही. मला वाईट वाटतंय, चांगूभाऊ."

चांगूने थोडा विचार केला. "म्हंजे आता आढाव्याला कोन येनार नाय?"

"नाही. आता कोणीच नाही."

सेजल तेवढ्यात शाळेतून येत होती, पाठीला दप्तर. चांगूने तिला हाक मारली.

"सेजल, मॅडमला खुर्ची दे गो. गिऱ्हाईक हायत."