उन्हाचं भाडं

मंडईत मी लोणी काळभोरच्या आमच्या मळ्यातली भाजी विकत असे. पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकऱ्या आल्या, वाड्यांच्या जागी फ्लॅट झाले, सोसायट्यांनी गच्चीला कुलपं घातली. माझ्या गिऱ्हाईक बायकांना कुरडया वाळत घालायला जागा उरली नाही. आमचं अंगण मोकळंच होतं. मी सांगितलं, गहू तुमचा, कष्ट आणि ऊन आमचं, पैसे किलोमागे.

पहिली आली एक निवृत्त शिक्षिका. अमेरिकेतल्या मुलाला कुरडया पाठवायच्या होत्या.

"उन्हाचेही पैसे घेता?"

"तुमच्या गच्चीवर फुकट आहे ना, घाला तिथं."

भांडून भांडून मी किलोमागे दोन रुपये सोडले. मी असे सोडत नाही. पण तिच्या इमारतीत बावीस घरं होती, आणि हिचं समाधान झालं तरच बाकीच्या येणार होत्या.

ठरल्या दिवशी ती स्वारगेटहून पहिल्या बसनं हजर. चिकात मीठ तिनं स्वतः घातलं. मी सोऱ्यानं कुरडया घातल्या, तिनं मोजून कागदावर लिहिल्या. दुपारी कडुलिंबाखाली झोप काढली आणि निघताना पुन्हा मोजल्या. अकरा कमी.

"कावळे," मी म्हणाले.

"कावळे एकाआड एक खातात वाटतं?"

बाजेवर माझ्या सासूबाई तोंड हलवत बसल्या होत्या. वरून कडक, आतून ओली कुरडई खाणं हा आमच्याकडे वाळवण राखणाऱ्याचा हक्क. आता वाळवण परक्याचं आहे, हे त्यांना सांगायचं मीच विसरले होते.

"आत्याबाई, खाल्ल्या का?" मी सासूबाईंना विचारलं.

"खाल्ल्या की. मीठ कमी हाय."

शिक्षिकेचा चेहरा उतरला. "मीठ बरोबर आहे," म्हणत तिनं एक ओली कुरडई उचलली. मग खात्री करायला दुसरी. पाचवी उचलल्यावर मी म्हणाले, "अहो, या पाच तुमच्या नावावर. आमच्या अकराच."

तोवर सहावी तिच्या तोंडात होती.

पुढच्या आठवड्यात त्या इमारतीतल्या चौदा बायका आल्या. दोन रुपये कमी द्यायचे, हे तिनं पढवूनच पाठवल्या होत्या. दुपारभर कडुलिंबाखाली बसून आपापल्या ओल्या कुरडया खात होत्या. सासूबाईंना मी घरात बसवून ठेवलं होतं.

घरी नेल्यावर प्रत्येकीच्या कमी भरल्या. त्या इमारतीत अजून सांगतात, लोणीची भाजीवाली कुरडया चोरते.