सोमवारी दिलेली चिठ्ठी

नथू गेल्याचं त्याच्या मुलीने, सुमनने, फोनवर कळवलं. त्याला पाच आठवडे झाले. दातिवऱ्याला जाऊन आलो, पण जे बोलायचं होतं ते तिच्यासमोर तोंडातून निघालं नाही. म्हणून लिहितो आहे.

साठच्या दशकात पालघरला एका विमा कंपनीच्या छोट्या ऑफिसात मी कारकून होतो आणि नथू एजंट. मी साताऱ्याकडचा, पदवीधर. तो दातिवऱ्याच्या कोळ्याचा मुलगा, जेमतेम मॅट्रिक. सागरी विम्यातले सगळे शब्द मला व्याख्येसकट पाठ होते, तरी माणसं बाकावर बसून नथूचीच वाट बघायची. एकदा त्याच्या आत्याला मी ‘सामायिक नुकसान’ दोनदा वाचून दाखवलं. ती पान लावत बसली. तेवढ्यात नथू आला. “आत्या, वादळात होडी हलकी कराया तांडेल कुनाचा माल फेकतो?” “हाताला लागंल त्याचा.” “मंग ज्यांचा माल वाचला त्यांनी मिळून त्याची भरपाई करायची.” आत्याने माझ्याकडे पाहिलं. “एवडंच हाय? मंग हा सायेब कवाचा काय वाचतोय?” सगळं ऑफिस हसलं... मीही हसलो. पुढे तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावरचे कंत्राटदारही नथूलाच विचारू लागले. बाहेर त्याचा आवाज आला, की बाकावरची माणसं उठायची आणि मी उगाच रजिस्टर उघडायचो.

आत्याच्या सुक्या बोंबलांची खुली पॉलिसी होती. अशी एकच पॉलिसी वर्षभर चालते; मात्र दर खेपेची चिठ्ठी होडी सुटण्याआधी ऑफिसात नोंदवावी लागते, नाहीतर त्या खेपेला विमा नाही. एका सोमवारी नथूने चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि तो एसटी गाठायला पळाला. मी ती खणात सारली. उशीर झाला म्हणून त्याला साहेबांची बोलणी बसावीत, एवढंच मनात होतं. बुधवारी मी तिच्यावर शिक्का मारला. दुपारी बातमी आली, की मंगळवारी सुटलेली होडी खडकावर फुटली. माणसं पोहून आली, माल गेला.

आत्याचा दावा नाकारला गेला. नथूने विचारलं, “दादा, मी सोमवारी दिलती ना?” मी म्हणालो, “बुधवारी. शिक्का बघ.” तो रोजच ऑफिसात यायचा, त्यामुळे त्यालाही खात्री देता येईना. त्याने शिक्क्यावरची तारीख वाचली. “मंग मीच चुकलो आसंन.” त्याने एजन्सी सोडली. आत्या मरेपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. आणि माझ्याशी तो पूर्वीसारखाच वागत राहिला.

सुमनने मला त्याची खोली दाखवली. औषधाच्या बाटल्या, विजेची बिलं, लग्नपत्रिका, सगळ्यांवर पेन्सिलीने वार आणि वेळ लिहिलेली. “बाबांची सवय,” ती म्हणाली. “सांगायचे, माजा एकदा वार चुकला आनि आत्या बुडाली.” उशाशी माझं शेवटचं पत्र होतं. कोपऱ्यात त्याचं अक्षर: ‘मिळाले. गुरुवार, सकाळी साडेदहा.’

सुमन, तुझ्या बाबांचा वार चुकला नव्हता. चिठ्ठी मला मिळाली सोमवारी, सकाळी, ऑफिस उघडल्या उघडल्या.