गाडीखालचे चाचा

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की चाचा त्याच्या तोंडाकडे बघत नसत. बाहेर उभ्या केलेल्या त्याच्या गाडीच्या मागच्या बाजूकडे बघत. मग एक पुठ्ठा काखेत मारून बाहेर जात, तो गाडीखाली अंथरत आणि पाठीवर सरकत आत गडप होत. बाहेर उरत ते दोन पाय आणि एक प्रश्न : "पहिला मागं काय बांधनार ता सांगा!"

गिऱ्हाईक कुणीही असो, प्रश्न आधी मराठीतच यायचा. हिंदी आणि मोडकी अरबी मागाहून.

लग्न होऊन मी नाशिकहून कतारमधल्या दोह्याला आले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवरा मेसईदच्या कारखान्यात नोकरीला. मी गाड्यांचं सामान विकणाऱ्या एका दुकानात जॉब-कार्डं टाइप करायची; कार्डाशिवाय कुठल्याही गाडीला हात लागत नसे. चाचा तिथले सगळ्यात जुने फिटर, रत्नागिरीकडच्या एका बंदरगावचे. मला ते 'बाय' म्हणत आणि माझ्या नवऱ्याला, त्याला एकदाही न भेटता, 'जावय'.

त्यांची खासियत रिसीव्हर बसवण्यात. पिकअपच्या मागच्या बंपरखाली बोल्टांनी एक जाड लोखंडी आडवी पट्टी बसवलेली तुम्ही पाहिली असेल. तिला मधोमध चौकोनी तोंड असतं, ट्रेलर त्यालाच जोडतात. तो रिसीव्हर. कुणी नुसता दिसायला मोठा रिसीव्हर मागितला की चाचा माझ्या टेबलाशी येऊन कुजबुजत, "ह्याला ओढायचं काय नाय, बाय. गाडीला नथ पायजे. तीपन मागल्या बाजूला!"

गंमत म्हणजे चाचांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती.

एका गुरुवारी एक कतरी तरुण नवीकोरी दांडगी पिकअप घेऊन आला. त्याच्या घरच्या सगळ्या गाड्या आमच्याकडेच यायच्या, त्यामुळे मॅनेजर उठून उभे राहिले. तरुणाला बोट ओढायला रिसीव्हर हवा होता, आणि तो आजच. बोट केवढी? "छोटी," तो म्हणाला.

"दिखाओ," चाचा म्हणाले.

तरुणाच्या मागोमाग दुकानाच्या व्हॅनने चाचा मेसईदच्या रस्त्यावरच्या वाकऱ्याला जाऊन बोट पाहून आले. चाचांचा चेहरा उतरला होता. "बोट कसली, घर हाय ता. दोन इंजिनं, भरलेल्या टाक्या. गाडी ओढील. पन आपल्याकडचा रिसीव्हर एवढा भार घेनार नाय. जाड मागवा."

जाड रिसीव्हर दुबईहून यायला तीन आठवडे लागणार होते. तरुण चिडला. मॅनेजर म्हणाले, "चाचा, लगा दो. कस्टमर हाथ से जाएगा." आणि माझ्याकडे वळून, "कार्ड बनाओ."

मी टाइप करू लागले. चाचा टेबलापाशी आले.

"जावयांची बस मेसईदवरनं ह्याच रस्त्यानं येते ना?"

"हो, चाचा."

"ह्याच्या मागनं जो येतो, तो आपला गिऱ्हाईक नाय, बाय. त्याला कोन विचारतो?"

माझी बोटं थांबली. चाचांचा व्हिसा दुकानाचा होता. मॅनेजरच्या एका सहीने ते आठवड्यात रत्नागिरीला पोचले असते. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी ते पाना बाजूला ठेवून उभे होते. मी म्हणाले, "सर, हे कार्ड मी बनवणार नाही." आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा म्हणावं लागलं.

"खलास!" म्हणत तरुण निघून गेला. मॅनेजर तीन दिवस आम्हा दोघांशी बोलले नाहीत.

पुढच्या गुरुवारी दुकानाबाहेर हॉर्न वाजू लागला. तीच पिकअप, मागे ती प्रचंड बोट. त्याने दुसरीकडून तसाच रिसीव्हर बसवून घेतला होता आणि खास आम्हाला दाखवायला आणला होता. चाचा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून खोलीवर निघालेले. त्यांनी परत फिरून पुठ्ठा घेतला.

ट्रेलर सुटलाच तर त्याला धरून ठेवणाऱ्या साखळ्या नुसत्या लोंबत होत्या. चाचांनी त्या एकमेकींवरून तिरप्या घेऊन नीट अडकवल्या. मग बोल्टाबोल्टावर पांढऱ्या रंगाची एकेक रेघ ओढली, अर्धी बोल्टवर, अर्धी चौकटीवर. बाहेर आले तेव्हा सदऱ्याची पाठ काळी झाली होती.

"हर बार देखना. लाइन टूटी, तो बोल्ट हिला. फिर बोट मत बांधना, सीधा इधर आना. और धीरे चलाना."

तरुणाचं हसू मावळलं. "शुक्रन," तो म्हणाला.

महिन्याभराने तो बोटीशिवाय आला. थेट चाचांपाशी जाऊन म्हणाला, "लाइन टूट गया, अम्मी."

अरबीत अम्मी म्हणजे माझे काका. चाचा गाडीखाली जाऊन आले. बोल्ट सरकले होते, एका बाजूची पट्टी वाकू लागली होती. मॅनेजरनी मुकाट्याने दुबईला फोन लावला आणि चाचांसाठी चहा मागवला. तो पिताना चाचांची तक्रार एवढीच, "म्हातारपनी ह्यानं माझी अम्मी केलान. घरवालीला कळला तर हसून मरंल!"

नंतर पाच-सहा वर्षांनी त्यांच्या पाठीने दगा दिला. पुठ्ठ्यावरून उठायला त्यांना दोन माणसं लागू लागली, तेव्हा त्यांनी स्वतःच व्हिसा रद्द करायला सांगितलं.

विमानतळावर सोडायला तोच कतरी आला, आता दोन मुलांचा बाप. दोऱ्यांनी बांधलेल्या चाचांच्या पेट्या त्याने स्वतः उचलून पिकअपच्या मागे ठेवल्या. इतक्या वर्षांत चाचा असल्या गाडीत कधी बसले नव्हते. पायरीवर पाय ठेवायला त्यांना हात द्यावा लागला. आत बसल्यावर सीटबेल्ट कुठे असतो ते सापडेना. त्याने ओणवं होऊन तो लावून दिला. चाचा लाजले, दोन्ही हात मांडीवर ठेवून फोटोला बसल्यासारखे ताठ बसले.

आम्ही सगळे रस्त्यावर आलो होतो. गाडी वळेपर्यंत मागच्या काचेतून त्यांची पांढरी टोपी तेवढी दिसत होती, सीटच्या वर जेमतेम आलेली.