पिवळ्याची पारख

आमच्या सांगलीच्या मामांइतकी तीक्ष्ण नजर असलेला आणि तरीही इतका आंधळा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हळदीच्या अडत दुकानात ते पारखी होते. पुरुषभर उंच ढिगासमोर नुसते उभे राहायचे आणि नेमकं किडकं हळकुंड उचलून बाजूला टाकायचे. हळकुंड मोडून आतला रंग बघितला की माल यंदाचा की गेल्या सालचा, हे सांगायचे. पण ढीग सोडून बाकीचं जग त्यांच्या नजरेस पडतच नसे. शेजारून बँडसकट वरात गेली तरी पत्ता नाही, आणि रस्त्यात कुणाच्या पिशवीतून एक हळकुंड सांडलं की ह्यांची सायकल थांबलीच. एकदा मामींनी घराला निळा रंग दिला. महिनाभराने मी कराडहून गेले आणि म्हटलं, "रंग छान झालाय!" मामा भिंतीकडे बघत म्हणाले, "आं? कवा दिला?" मामी हसून हसून बेजार. नवी साडी नेसून त्या मुद्दाम समोर उभ्या राहायच्या. "आवं, बघा की जरा!" मामा नीट निरखून म्हणायचे, "पदराला हळद लागलीया."

हळद तर घरभर असायची. टॉवेलवर, दाराच्या कडीवर, कपाच्या कानावर, मोबाइलच्या काचेवर. त्या घरात पिवळं काही दिसलं तर कुणी दचकत नसे. दोन वर्षांपूर्वी ऐन हंगामात मी गेले. मामींनी दार उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "मामी, डोळे किती पिवळे झालेत!" त्यांना जेवण जात नव्हतं, अंगाला खाज सुटायची, आणि त्या सगळं उन्हाळ्यावर ढकलत होत्या. मामा आतून म्हणाले, "हळदीचा हात लागला आसंल." मग बाहेर आले, बायकोच्या डोळ्यांत पाहिलं आणि तसेच रिक्षा आणायला धावले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "डोळे कधीपासून पिवळे आहेत?" हळकुंडाचं वय सांगणाऱ्या माणसाला ते काही सांगता येईना. मामीच म्हणाल्या, "त्यास्नी नका इचारू डॉक्टर. मी काय ढिगात हुते व्हय?" त्या चेष्टेनेच बोलल्या. त्यांना मामांचा राग कधी आला नाही. मला मात्र फार आला होता. आजार हाताबाहेर गेला होता. पावसाळा लागायच्या आत मामी गेल्या.

मामांनी दुकान सोडलं. आता ते माणसांचे डोळे बघतात. भाजीवाली, एसटीचा कंडक्टर, शेजारची सून, कुणालाही उजेडाकडे तोंड करायला लावतात. काही जण हसतात, काही जण त्यांना बघून रस्ता बदलतात. एका लग्नघरी तर अंगभर हळद लागलेल्या नवरीलाच "वर बघ पोरी, वर बघ" करत बसले. शेवटी मी हाताला धरून बाजूला आणलं.

गेल्या आठवड्यात सांगलीला गेले, तर चप्पल काढायच्या आत म्हणाले, "हिकडं ये उजेडात." खिडकीपाशी नेऊन त्यांनी माझी हनुवटी धरली. मामांचे हात आता स्वच्छ असतात, नखांतसुद्धा हळद नाही. ते हात बघूनच मला रडू फुटलं. डोळे भरून वाहू लागले, पाणी गालावरून त्यांच्या बोटांवर उतरलं. मामा माझ्या डोळ्यांत टक लावून बघत राहिले.

"पांढरं हायती," ते सुटकेने म्हणाले. "कायबी झालेलं न्हाई तुला."