उजव्या खांद्याचं मतदान

दोष आप्पाकाकांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी "अरे, पण नशीब..." वगैरे सुरू करू नये. खांद्यातलं हाड काढायची वेळ आली की घरात औषधांपेक्षा किस्से जास्त साचतात. औषधं निदान एक्स्पायर तरी होतात!

*

मी इंजिनीअरिंग सोडलं, कारण मला फास्ट बोलर व्हायचं होतं. हसा! माझा वेग असा की बॅट्समन चहा पिऊन येऊन चौकार मारायचे. तर त्यातच उजवा खांदा दुखायला लागला.

आप्पाकाका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, बँकेतून रिटायर, घरातलं हायकोर्ट. निकाल लगेच लागला. "कॉलेज सोडलं की असली दुखणी सुचतात!"

मग उन्हाळाभर रोज सकाळी ते स्वतः खांद्याला तेल चोळायला बसायचे. डॉक्टरचं नाव नाही. आणि कॉलेजला लाथ मारणारा मी बंडखोर, बनियन काढून गपचूप चोळून घ्यायचो.

*

शेवटी एक्स-रे निघाला. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला ट्यूमर.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?"

काका ताठ बसून म्हणाले, "तिळाचं तेल. लाकडी घाण्याचं!"

*

मॅडमनी पर्याय समजावले. हाडाचं टोक गाठीसकट काढायचं आणि तिथं दुसरं काहीतरी बसवायचं. उदाहरणार्थ, मृत दात्याचं हाड.

काकूंनी हळूच विचारलं, "अहो, ते शाकाहारी माणसाचं मिळेल का?"

"काकू, हाड जेवत नाही. आणि याच्या मापाचं मिळणंही कठीण आहे," मॅडम म्हणाल्या.

किंवा माझंच हाड काढून, अतिथंड नायट्रोजनमध्ये बुडवून, गाठीच्या पेशी मारून परत बसवायचं. काकांचे डोळे चमकले. "म्हणजे जुनंच धुऊन वापरायचं! हे बरंय."

"धुवायला कापड शिल्लक लागतं. याचं हाड पोखरलंय," मॅडम म्हणाल्या.

*

मग उलटा सांधा निघाला. धातूचा, गोळा आणि वाटीची अदलाबदल केलेला. त्यानं हात वर जातो म्हणे. मी खुर्चीतून उठलोच. "बोलिंग?"

"बोलिंग विसर. फळीवरचा डबा काढशील."

मी डब्यावरही खूश! पण तो सांधा चालवायला खांद्यावरचा स्नायू लागतो, आणि गाठ त्यात शिरली होती. "थोडं आधी आला असतात तर..." मॅडम म्हणाल्या.

काकांनी घड्याळात पाहिलं.

*

उरले दोन पर्याय. धातूचा साधा सांधा बसवला तर कोपर आणि पंजा चालणार, खांदा नुसता लटकणार. किंवा सांधा कायमचा जाम करायचा. हात फारसा फिरणार नाही, पण ताकद राहील. मला जाम हवा होता. बॉल नाही तर निदान ग्राउंडवर किटबॅग तरी उचलीन!

सदाशिव पेठेत आमच्या हॉलमध्ये मीटिंग भरली. अध्यक्ष काका. भाषणही त्यांचंच. "खराडीत आयटीच्या नोकरीला माऊस धरता आला की झालं. त्याला खांदा लागतो कुठे? बरं, जाम करावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

कुणीच केला नाही. उजवा उचलेना, म्हणून मी डावा वर केला.

काका म्हणाले, "शुभकार्यात डावा हात धरत नाहीत रे."

सगळे हसले. मीसुद्धा!

धातूचा सांधा बसला. गाठ गेली. उजवा दंड आता आपणहून उचलत नाही.